फळांचं क्रंबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुरा गिच्च झाला, तळाशी पाणी साचलं, फळांचा लगदा झाला, वरून करपलं पण आतून कच्चं राहिलं. क्रंबलबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी पाणी असतं. फळात पाणी किती आहे, ते जातंय कुठे, त्याला आटायला पुरेशी उष्णता आणि वेळ मिळाला का, एवढं डोक्यात ठेवलं तर खालची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्रंबल म्हणजे नेमकं काय? क्रिस्प आणि कॉबलर वेगळे असतात का?

खाली साखर लावलेली फळं, वर मैदा, बटर आणि साखर चोळून केलेला चुरा, आणि दोन्ही एकत्र ओव्हनमध्ये भाजायचं. हे झालं क्रंबल. मूळचा हा ब्रिटिश घरगुती पदार्थ. ॲपल पायसाठी पीठ मळून लाटावं लागतं, भांड्यात नीट बसवावं लागतं. इथे त्यातलं काहीच नाही. अमेरिकेत ज्याला क्रिस्प म्हणतात त्याच्या चुऱ्यात सहसा ओट्स असतात. कॉबलर मात्र वेगळंच: त्यावर बेकिंग पावडर घातलेल्या मऊ पिठाचे गोळे ठेवतात आणि ते फुगून वर येतात. क्रंबलच्या चुऱ्याने फुगायचं नसतं, त्यामुळे त्यात बेकिंग पावडर लागत नाही. अंडंही लागत नाही.

२. सहा जणांसाठी प्रमाण काय घ्यावं?

चुऱ्याचं प्रमाण वजनाने २:१:१ असं लक्षात ठेवा. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. बटर खारं असेल तर मीठ वगळा. बटर १२० ग्रॅमपर्यंत वाढवलं तर चुरा जास्त खुसखुशीत होतो आणि माझी पसंती त्यालाच आहे.

फळं अख्खी असताना साधारण १ किलो घ्या. साली आणि बिया काढून ७५० ते ८०० ग्रॅम फोडी उरतात. त्यांना ५० ते १०० ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाचा रस लावा. रसाळ फळं असतील तर थोडं कॉर्नफ्लोअरही लागेल (प्रश्न १० पाहा). भांडं २० सेंटीमीटर चौरस किंवा त्याच्या आसपासचं. ओव्हन आधीच १८० अंश सेल्सिअसला तापवून ठेवा, पंख्याचा ओव्हन असेल तर १६० ला. भाजायला ४० ते ४५ मिनिटं लागतात, पण खरा निर्णय घड्याळावर सोडू नका. प्रश्न १३ वाचल्याशिवाय बाहेर काढू नका.

३. वजनकाटा नाही. वाटीने किंवा कपाने करता येईल का?

येईल. २४० मिलिलिटरच्या मापाच्या कपात अलगद भरलेला मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो. म्हणजे २०० ग्रॅमसाठी दीड कपाहून थोडा जास्त. साखर अर्धा कप आणि बटर मापाचे ७ मोठे चमचे. चूक होते ती मैद्यात. कप थेट डब्यात खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि एका कपात सहज २० ते ३० ग्रॅम जास्त येतो. मग चुरा कोरडा होतो, भाजल्यावर तोंडात पीठ पीठ लागतो आणि दोष बिचाऱ्या बटरला दिला जातो. मैदा आधी चमच्याने मोकळा करा, मग कपात ओता आणि वरून सुरीने सपाट करा.

४. बटर थंडच का लागतं? वितळवून ओतलं तर काय बिघडतं?

या एका पायरीवर चुऱ्याचा पोत ठरतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थंड बटर मैद्यात चोळलं की मैद्याच्या कणांवर चरबीचा पातळ थर बसतो. मैद्याला पाणी लागून तो मळला गेला की त्यात ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. चरबीचा थर पाण्याला आत जाऊ देत नाही, म्हणून जाळी बनत नाही आणि चुरा चिवट न होता तोंडात फुटतो. पुऱ्या-करंज्यांना आपण मोहन घालतो त्यामागे हेच कारण आहे. त्यात बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. चुऱ्यात बटरचे बारीक न वितळलेले तुकडे राहिले असतील तर ओव्हनमध्ये या पाण्याची वाफ होते आणि तिथे पोकळ्या राहतात. खुसखुशीतपणा त्यातूनही येतो.

बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तळहाताच्या उबेनेही. म्हणून तळहात लावायचाच नाही. बटरचे सेंटीमीटरभराचे तुकडे करून फ्रीजमध्ये ठेवा, मैद्यात टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळा. मिश्रण थोडं वर उचला, अंगठा बोटांवरून फिरवत खाली पडू द्या, पुन्हा उचला. सुरुवातीला मैदा पांढराशुभ्र आणि बटरचे तुकडे पिवळे, असे दोन रंग वेगळे दिसतात. हळूहळू सगळ्या मैद्याला एकसारखी फिकट पिवळी छटा येते आणि तो जाडसर रव्यासारखा होतो. मधेमधे वाटाण्याएवढे गोळे राहिले तर राहू द्या, तेच भाजल्यावर सर्वांत छान लागतात. थांबायची खूण मोहनाचीच: मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला पाहिजे. नुसताच फुटत असेल तर अजून चोळा. फुटतच नसेल, कणकेचा गोळा होऊ लागला असेल, तर बटर वितळायला लागलं आहे. ताबडतोब भांडं फ्रीजमध्ये ठेवा. साखर चोळून झाल्यावर घाला आणि बोटांनी मोकळी मिसळा. जमलेला चुराही वीस मिनिटं फ्रीजमध्ये गार करून मगच फळांवर पसरावा.

वितळलेल्या बटरने पदार्थ फुकट जात नाही, वेगळा होतो. चुऱ्याचे मोठे, कडकसर, बिस्किटासारखे गोळे होतात. तसं आवडत असेल तर जरूर करा, फक्त मिश्रण पूर्ण गार करून मग हाताने तुकडे करा.

५. हात लगेच गरम होतात. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर चालेल का?

चालेल. सलग फिरवू नका, सेकंदभर चालू करून बंद, असं करत राहा. गोळा जमायच्या आधी थांबा. थंड बटर किसणीवर किसून मैद्यात मिसळणं हा त्याहून सोपा उपाय आहे.

६. मैद्याऐवजी कणीक, ओट्स, सुकामेवा वापरता येतो का?

कणकेतला कोंडा ओलावा शोषतो, त्यामुळे पूर्ण कणकेचा चुरा जड आणि कोरडा होतो. निम्मी कणीक, निम्मा मैदा ठेवलात तर चव खमंग येते आणि पोतही टिकतो. ओट्स घालायचे तर मैद्याच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि जाड चपटे ओट्सच घ्या. पाण्यात दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स फळांच्या रसात विरघळल्यासारखे होतात. बदाम, अक्रोड, काजू जाडसर तुकडे करून ५० ग्रॅमपर्यंत घाला. भाजलेला सुकामेवा घेऊ नका, ओव्हनमध्ये तो पुन्हा भाजला जातो आणि कडवट होतो.

७. बटरऐवजी तूप किंवा तेल घातलं तर?

तुपात पाणी जवळजवळ नसतंच, चरबीच चरबी असते. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं, तेही फ्रीजमध्ये घट्ट केलेलं. पण पाणी नसल्यामुळे कण एकमेकांना धरत नाहीत आणि चुरा वाळूसारखा सुटा राहतो. एक-दोन चमचे थंड दूध शिंपडून बोटांनी हलवलं की गोळे जमायला लागतात.

दुग्धजन्य पदार्थ चालत नसतील तर खोबरेल तेल चांगलं. ते साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट राहतं, त्यामुळे गार करून चोळता येतं. प्रमाण तुपाइतकंच, आणि दुधाऐवजी थंड पाणी. पातळ तेलाने चुरा होतो, पण तो तेलकट लागतो. मी तो सुचवणार नाही.

८. ब्राऊन शुगर किंवा गूळ वापरला तर चालतो का?

दोन्ही चालतात आणि दोन्हींत ओलावा असतो, हे लक्षात ठेवा. ब्राऊन शुगरने चुऱ्याला खोल, कॅरमलची चव येते, पण तो जरा मऊ होतो. अर्धी साधी आणि अर्धी ब्राऊन घेतली तर चव आणि कुरकुरीतपणा दोन्ही मिळतं. गूळ बारीक किसून घ्या, खडे राहू देऊ नका, कारण खडे वितळून तिथे चिकट डाग पडतात. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून तापमान १७० वर आणा. भाजायला ठेवण्याआधी चुऱ्यावर चमचाभर जाड दाण्यांची साखर भुरभुरली तर वरचा थर कडकडीत होतो. खर्च काहीच नाही आणि फरक लगेच कळतो.

९. कोणती फळं चांगली? कोणती टाळावीत?

सफरचंद सर्वांत भरवशाचं. त्यात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे सुटलेला रस आपोआप थोडा घट्ट होतो. पण सफरचंदाच्या जातींचे स्वभाव वेगळे असतात. हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथ शिजूनही फोडींचा आकार टिकवतं. इंग्लंडमध्ये क्रंबलसाठी हमखास वापरलं जाणारं ब्रॅमली शिजल्यावर फुलून मऊ लगद्यासारखं होतं, आणि तिथल्या लोकांना ते तसंच आवडतं. लाल, गोड, पिठूळ सफरचंदं मात्र एकटी घेऊ नका. चव सपाट लागते. त्यांच्यात निम्मी आंबट सफरचंदं मिसळा किंवा लिंबाचा रस वाढवा.

आलुबुखार, पीच, जर्दाळू ही बियांच्या भोवती घट्ट गर असलेली फळं उत्तम. सालीसकट अर्ध्या किंवा चौथाई फोडी करा. आलुबुखाराच्या सालीने रसाला सुंदर गडद लाल रंग येतो. नाशपाती पिकलेलं पण दाबल्यावर घट्ट लागेल असं हवं. ब्लूबेरी आणि ब्लॅकबेरी छान, पण रस खूप सोडतात. स्ट्रॉबेरी एकटी घातली तर विरघळून जाते, निम्मं सफरचंद मिसळा म्हणजे तिचा रस आणि सफरचंदाचं अंग दोन्ही मिळतं. रुबार्ब (जाड, आंबट देठांची एक वनस्पती) वापरणार असाल तर फक्त देठ घ्या. त्याच्या पानांत ऑक्झॅलिक ॲसिड असतं आणि ती विषारी असतात, पानाचा तुकडाही जाऊ देऊ नका.

आंबा घालायचा तर पिकलेला पण घट्ट, बिनरेषांचा, आणि लिंबू जरा सढळ हाताने. अननस चालतो, पण त्याचं पाणी आधी पॅनमध्ये आटवावंच लागतं. केळं एकटं घेतलं तर चिकट लगदा होतो. सफरचंदाच्या फोडींत एखादं केळं मिसळलं तर गोडवा छान येतो.

कलिंगड आणि खरबूज टाळा. नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, भाजण्यासारखं काही उरत नाही. संत्र्या-मोसंब्यांच्या फोडी गरम होऊन कडसर होतात आणि त्यांचे पापुद्रे चिवट लागतात. त्यांची किसलेली साल मात्र कुठल्याही क्रंबलमध्ये घाला.

१०. रस घट्ट व्हायला कॉर्नफ्लोअर किती घालू? घालूनही रस पातळच का राहतो?

सफरचंद आणि नाशपातीला बहुतेक वेळा लागतच नाही. आलुबुखार, पीच यांना ८०० ग्रॅम फोडींमागे एक मोठा चमचा, बेरी आणि रुबार्बला दोन. आधी साखरेत कोरडं मिसळा आणि मग फोडींना लावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कॉर्नफ्लोअर नसेल तर दुप्पट मैदा घ्या. रस थोडा गढूळ दिसतो, चवीत फारसा फरक पडत नाही.

घालूनही पातळ राहतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: रसाला उकळी आलीच नाही. कॉर्नफ्लोअरमधलं स्टार्च पूर्ण फुलायला रस जवळजवळ उकळावा लागतो. वरचा रंग पाहून लवकर बाहेर काढलं की ते अर्धवट शिजतं, रस पातळ राहतो आणि जिभेला खडूसारखी चव लागते. दुसरं कारण घाई. उकळता रस कधीच दाट दिसत नाही, तो निवताना दाटतो. बाहेर काढल्यावर १५ ते २० मिनिटं हात लावू नका. एवढ्या वेळात तोंड पोळण्याची भीतीही जाते, कारण साखरेचा उकळता रस जिभेला वाईट चटका देतो. लहान मुलांना वाढताना तर आतली फोड मोडून निवली आहे का ते बघाच.

११. फळं आधी शिजवून घ्यावीत की कच्चीच घालावीत?

पातळ फोडी, मऊ फळं, बेरी कच्चीच घाला. कडक सफरचंदाच्या मोठ्या फोडी आणि अननस मात्र आधी पॅनमध्ये परतून घ्या: चमचाभर बटर, साखर, मध्यम आच, पाच ते सात मिनिटं. सुटलेलं पाणी आटलं आणि फोडींच्या कडा पारदर्शक दिसल्या की बंद. पूर्ण शिजवू नका.

आचेवर न परतता पाणी काढायची दुसरी रीत मला जास्त आवडते. फोडींना साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, खाली भांडं. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि वाटीभर रस जमतो. तो छोट्या भांड्यात उकळून निम्म्याहून कमी करा आणि पुन्हा फोडींवर ओता. फळाची चव कुठेही वाया जात नाही, फक्त पाणी जातं.

१२. चुरा दरवेळी गिच्च होतो. नेमकं कुठे चुकतंय?

आधी बघा, चुरा वरून ओला आहे की खालून.

खालून ओला असेल, म्हणजे वरचा भाग ठीक आणि फळाला लागून असलेला थर चिकट पिठासारखा, तर फळात पाणी जास्त आहे. उपाय प्रश्न १० आणि ११ मध्ये आहेत. शिवाय साखर लावलेली फळं आणि चुरा भांड्यात रचून तासभर ओट्यावर ठेवलं असेल तर रस आधीच सुटून चुऱ्यात शिरलेला असतो. चुरा शेवटी पसरा आणि भांडं लगेच ओव्हनमध्ये जाऊ द्या. खालचा थोडासा थर ओलसर राहणारच, तो दोष नाही. रसात मुरलेला तो पातळ थर कित्येकांना सर्वांत आवडतो.

सगळाच चुरा मऊ, फिका आणि तेलकट असेल तर बटर भाजायला ठेवण्याआधीच वितळलं होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. ओव्हनची तबकडी १८० दाखवते म्हणून आतही १८० असेलच असं नाही. घरगुती ओव्हनमध्ये वीसेक अंशांचा फरक सहज सापडतो. आत ठेवायचा थर्मामीटर एकदा लावून बघा.

चुऱ्याचा एकसंध कडक पापुद्रा होऊन त्याखाली सगळं ओलं असेल तर तुम्ही चुरा थापला आहे. फळांच्या वाफेला वर यायला वाट हवी. चुरा हातातून मोकळा सोडा, सपाट करू नका, दाबू तर मुळीच नका. थर दीड ते दोन सेंटीमीटर पुरे. जाड केला तर मधला भाग भाजलाच जात नाही.

ओव्हनमधून काढताना कुरकुरीत होता आणि वाढताना मऊ पडला, असं असेल तर गरम असताना झाकण ठेवलं गेलं. झाकणाखाली वाफेचं पाणी होऊन परत चुऱ्यावर पडतं.

इतकं सगळं सांभाळूनही जमत नसेल तर दोन्ही वेगळे भाजा. चुरा ताटलीत पसरून १७० अंशांवर १५ ते २० मिनिटं, मधे एकदा हलवून. फळं वेगळ्या भांड्यात. वाढायच्या आधी वरून घाला. चुरा कुरकुरीत राहण्याची याहून पक्की रीत नाही, पण फळांचा रस कडेने वर येऊन चुऱ्यात कॅरमलसारखा चिकटतो तो भाग यात मिळत नाही, म्हणून मी ही रीत नाइलाज म्हणूनच ठेवते.

१३. झालं हे कसं ओळखायचं?

भांड्याच्या कडा बघा. आधी काहीच दिसत नाही. मग एखाद्या कोपऱ्यात रसाचा पाणीदार बुडबुडा येतो आणि लगेच फुटतो. हे झालेलं नाही. थोड्या वेळाने सगळ्या कडेने बुडबुडे यायला लागतात, ते जाड असतात, सावकाश फुगतात, सावकाश फुटतात, आणि रस काचेला चिकटून चकाकतो. मध्यभागीही चुऱ्यातून एखाद-दुसरा रसाचा डाग वर आलेला असतो. त्या वेळी चुरा खरपूस सोनेरी असला की बाहेर काढा. सुरीचं टोक मधल्या फोडीत सहज गेलं पाहिजे. रंग आधी आला आणि बुडबुडे आले नाहीत तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

१४. वरून काळं होतं आणि फळ कच्चं राहतं, काय करू?

वरून ॲल्युमिनियम फॉइल सैलसर ठेवा, वाफेला फट ठेवून, आणि फळं होऊ द्या. शेवटची पाच मिनिटं फॉइल काढा. पुढच्या वेळी भांडं एक खण खाली ठेवा, फोडी पातळ करा किंवा प्रश्न ११ प्रमाणे परतून घ्या.

१५. फक्त ओटीजी, मायक्रोवेव्ह किंवा एअर फ्रायर आहे. होईल का?

ओटीजीत छान होतं. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून १० ते १५ मिनिटं तापवा, भांडं मधल्या किंवा खालच्या खणात ठेवा. वरचा रॉड जवळ असल्यामुळे चुरा लवकर रंगतो. तसं झालं की तो बंद करून फक्त खालचा चालू ठेवा.

मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन (गरम हवा फिरवून भाजायची सोय) असेल तर १६० ते १७० वर नेहमीसारखं करा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये चुरा खरपूस होणार नाही. तिथे पाणी तापून पदार्थ शिजतो, त्यामुळे ओला पदार्थ १०० अंशांच्या आसपासच राहतो, आणि खरपूस रंग व वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. अशा वेळी फळं मायक्रोवेव्हमध्ये शिजवा आणि चुरा जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर हलवत भाजा. १० ते १२ मिनिटांत सोनेरी होतो आणि निवल्यावर कुरकुरीत होतो. घरात ओव्हनच नसेल त्यांनीही फळं दुसऱ्या पॅनमध्ये परतून हेच करावं.

एअर फ्रायरमध्ये लहान भांड्यात १६० अंशांवर २० ते २५ मिनिटं. पंख्याने बारीक चुरा उडतो, म्हणून इथे तेवढा अपवाद करा: चुरा चांगला गार करा, मोठे गोळे ठेवा आणि तळव्याने अगदी हलकासा बसवा. फॉइल लावली तर ती भांड्याच्या कडेखाली घट्ट दुमडा. सैल फॉइल उडून वरच्या कॉइलला चिकटू शकते.

१६. फ्रोजन किंवा डबाबंद फळं चालतात का?

फ्रोजन फळं वितळू न देता थेट वापरा. वितळली की गोठताना फुटलेल्या पेशींतलं सगळं पाणी बाहेर येतं. कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवा आणि १० ते १५ मिनिटं जास्त भाजा. डबाबंद फळांचा पाक पूर्ण निथळून टाका, साखर जवळजवळ घालू नका, आणि ती आधीच शिजलेली असल्यामुळे चुरा रंगला आणि कडेला बुडबुडे आले की झालं.

१७. भांडं कोणतं घ्यावं?

रुंद आणि उथळ. फळांचा थर ४ ते ५ सेंटीमीटर, वर चुरा, आणि त्यावर किमान सेंटीमीटरभर मोकळी जागा, नाहीतर रस ओव्हनभर उतू जातो. खाली एक ट्रे ठेवाच. ओव्हनला चालणारी काच, चिनी माती, एनॅमल ही उत्तम. काचेत बुडबुडे दिसतात हा मोठा फायदा. साध्या ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी भांड्यात आंबट फळांना धातूची चव लागते.

१८. दुप्पट करायचं असेल, किंवा एकट्यापुरतं?

दुप्पट करताना भांडं रुंद घ्या, खोल नको. खोल भांड्यात मधली फळं तापेपर्यंत वरचा चुरा करपतो. दोन भांडी केलीत तर उत्तम, मधे एकदा त्यांची जागा बदला. एकट्यासाठी छोट्या वाटीत २० ते २५ मिनिटं पुरतात.

१९. ग्लुटेन चालत नाही अशा पाहुण्यांसाठी कसं करू?

निम्मं तांदळाचं पीठ आणि निम्मी बदामाची पूड. नुसत्या तांदळाच्या पिठाचा चुरा कचकचीत लागतो, बदामाने तो भरतो. बदामाला स्वतःचं तेल असतं, म्हणून बटर १०० ग्रॅमच ठेवा, वाढवू नका. ओट्स घालणार असाल तर पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, कारण साध्या ओट्समध्ये गव्हाचा अंश मिसळलेला असू शकतो. सीलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्यांना इजा होते तो आजार) असलेल्या माणसासाठी हा फरक गंभीर आहे. त्यांना विचारून घ्या, आणि पीठ चाळायची चाळणी, भांडी स्वच्छ घासून मगच वापरा.

२०. आदल्या दिवशी तयारी करता येते का? उरलं तर किती टिकतं?

चुरा आदल्या दिवशी करून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. फळं कापून, लिंबू लावून वेगळी ठेवा. साखर भाजायच्या वेळीच लावा. फोडी थोड्या काळपटल्या तरी भाजल्यावर कळत नाही.

उरलेलं क्रंबल निवल्यावर, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. तीन दिवस चांगलं राहतं. गरम करताना झाकण न ठेवता ओव्हनमध्ये १६० अंशांवर १५ ते २० मिनिटं, म्हणजे चुरा पुन्हा कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये तो मऊच पडतो.

२१. कच्चं क्रंबल फ्रीझरमध्ये ठेवून थेट ओव्हनमध्ये घातलं तर?

फॉइलच्या किंवा धातूच्या डब्यात रचलं असेल तर घालू शकता. तीन महिन्यांपर्यंत चांगलं राहतं. १८० अंशांवर, नेहमीपेक्षा २० ते ३० मिनिटं जास्त, आणि पहिला अर्धा तास वर फॉइल. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात मात्र हे कधीही करू नका. फ्रीझरमधलं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं की तापमानाच्या धक्क्याने तडकतं, काच तर फुटून ओव्हनभर उडू शकते. असं भांडं आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवा आणि भाजायच्या आधी तासभर बाहेर.

२२. कच्चा चुरा उरला. नुसता खाल्ला तर चालेल?

नको. मैदा कच्चा असतो आणि त्यात आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात, भाजल्याशिवाय तो खाऊ नये. मुलांच्या हाती चाटायला देऊ नका. उरलेला चुरा पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, तो सुटा राहतो. पुढच्या वेळी एखाद्या फळापुरता मूठभर काढून, न वितळवता, तसाच वर घाला आणि भाजा.